जिनिव्हाला जायचंय, तर विचारायचं कुणाला? जागतिक आरोग्यातलं करिअर आणि माजी विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने जिनिव्हात मुख्यालय असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. १ जुलै २०२५ ला यूएसएआयडी ही अमेरिकेची मदतसंस्था बंद झाली. आरोग्य संघटनेने २०२६-२७ या दोन वर्षांचं अंदाजपत्रक ४.२ अब्ज डॉलरवर आणलं. आधीचा प्रस्ताव ५.३ अब्जांचा होता. या बातम्यांनंतर मुंबईत परळ, सायन आणि देवनारच्या कॉलेजांच्या वसतिगृहांत एकच प्रश्न फिरतो आहे: आता या क्षेत्रात पडायचं की नाही?

याचं उत्तर परदेशी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मिळणार नाही, कारण त्यांना जागा भरायच्या असतात. ॲडमिशन कन्सल्टंटकडेही मिळणार नाही, कारण त्याचं कमिशन प्रवेशावर ठरतं. आपले प्राध्यापक प्रामाणिक असतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही वाट स्वतः चाललेली नसते. राहतो तो आपल्याच कॉलेजातून आठ-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला आणि आज त्या कामात असलेला माणूस. त्याच्याशी पद्धतशीरपणे बोलायची सोय म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा मेंटॉरिंग कार्यक्रम. ही सोय बहुतेक कॉलेजांत नसते, आणि जिथे असते तिथे ती सहसा वार्षिक स्नेहसंमेलनातल्या भाषणापुरती असते.

जागतिक आरोग्य म्हणजे नेमकं काय?

एखाद्या शहराच्या किंवा देशाच्या लोकसंख्येचं आरोग्य सांभाळणं म्हणजे सार्वजनिक आरोग्य. जो प्रश्न सीमा मानत नाही, किंवा ज्याचं उत्तर एकट्या देशाला शोधता येत नाही, तो जागतिक आरोग्याचा. मुंबईला हे नवीन नाही. १८९६ साली प्लेग बंदरातून शहरात शिरला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या देशांनी व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, आणि त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली.

आजचं उदाहरण देवनारचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिथली लोकसंख्या विज्ञान संस्था करते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांची माहिती गोळा झाली. जगभर अशाच पाहण्यांना आधार देणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाला यूएसएआयडीचा पैसा होता, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवला गेला. वॉशिंग्टनमध्ये फाईल बंद झाली की भलत्याच खंडातल्या बालमृत्यूंची मोजणी अडते, असं हे क्षेत्र आहे.

त्यात डॉक्टरच लागतात हा गैरसमज मात्र पक्का बसलेला आहे. साथरोगतज्ज्ञ लागतात, तसेच संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर, औषधनिर्माणवाले, आरोग्याचं अर्थशास्त्र जाणणारेही लागतात. लस २ ते ८ अंश तापमानात शेवटच्या गावापर्यंत कशी न्यायची हे सांभाळणारा पुरवठ्याचा माणूस तर हवाच.

मेंटर म्हणजे शिक्षक नव्हे, आणि ओळखीचे काका तर नव्हेच

मेंटर म्हणजे ज्या वाटेने तुम्हाला जायचंय त्या वाटेवर तुमच्यापुढे असलेला आणि ठरावीक काळ तुमच्या प्रश्नांना वेळ देणारा माणूस. तो विषय शिकवत नाही, नोकरीही लावत नाही. तुम्ही जो निर्णय घेणार आहात त्याच्या पलीकडे काय आहे, एवढंच तो सांगतो. निर्णय तुमचाच.

हे घरोघरी आधीच चालतं. प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की आपण सोसायटीतल्या, मागच्याच वर्षी त्यातून गेलेल्या मुलीला बोलावतो. कुलगुरूंना कुणी फोन करत नाही. त्या मुलीला यंदाचा नियम ठाऊक असतो, कुठल्या कॉलेजचा कटऑफ फसवा आहे हे माहीत असतं, आणि ती आपल्याला न घाबरवता सांगते.

म्हणूनच मेंटर निवडताना नावाला भुलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संचालकपदावर पोचलेल्या माजी विद्यार्थ्याने नोकरीचा पहिला अर्ज पंचवीस वर्षांपूर्वी भरलेला असतो. तेव्हाच्या शिष्यवृत्त्या, पदं, निधी देणारे, सगळं बदललं आहे. २०२५ नंतर तर दोन वर्षांपूर्वीचा सल्लाही शिळा असू शकतो. चार ते आठ वर्षं पुढे असलेला मेंटर सर्वांत कामाचा. संचालकसाहेबांना वर्षातून एकदा सगळ्यांसाठी बोलवा. त्यांचा उपयोग क्षेत्राचा नकाशा दाखवायला होतो.

ओळख अगदी घट्ट असायलाही हवी असं नाही. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे जेमतेम सहात एक निघाले. बाकीच्यांची ओळख अधूनमधूनची किंवा विरळाच भेटणारी होती. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. वेगळी बातमी लांबच्या वर्तुळातून येते, आणि माजी विद्यार्थी हे असं आपसूक मिळालेलं लांबचं वर्तुळ आहे.

मग मेंटर सांगतो तरी काय?

मुख्य म्हणजे क्रम. 'एमपीएच करायचं आणि थेट जिनिव्हा' हा सर्वांत लाडका आणि सर्वांत चुकीचा आराखडा. एमपीएच ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. ब्रिटनमध्ये सहसा एक वर्षाची, अमेरिकेत बहुधा दोन. पण संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत अगदी सुरुवातीच्या पी-२ पदालाही साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि पी-३ ला पाच. नुकती पदवी घेतलेल्याला ते दार उघडत नाही. कनिष्ठ अधिकाऱ्यांची जेपीओ नावाची एक वाट आहे, पण ती देणगीदार देशांच्या पैशावर चालते आणि तिथल्या जागा मुख्यतः त्या देशांच्या नागरिकांसाठी असतात.

भारतीयांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या घरूनच सुरू होतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पात सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरलेल्या डॉक्टरांना तो अनुभव पुढे मोठ्या कामाची पायरी ठरू शकला. कुणी एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातल्या कार्यालयात कंत्राटी सल्लागार म्हणून लागतं, कुणी संयुक्त राष्ट्रांचं स्वयंसेवक पद घेतं; तिथे 'स्वयंसेवक' असलं तरी निर्वाह भत्ता मिळतो.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांच्या अटी. त्या वेबसाइटवर लिहिलेल्या असतातच, पण उशिरा वाचल्या जातात. ब्रिटनच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव. युरोपच्या इरास्मस मुंडसला मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मुंबईतल्याच जे. एन. टाटा एंडोमेंटची, १८९२ पासूनची, कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. अनुभव कुठे मोजला जातो आणि कुठे नाही हे तिसऱ्या वर्षात कळलं, तर पुढची तीन वर्षं त्या हिशेबाने आखता येतात. इंटर्नशिप संपल्यावर कळलं, तर एक वर्ष नुसतं थांबण्यात जातं.

आणि तिसरी, जी कुठेच लिहिलेली नसते: रोजचं काम कसं असतं. जागतिक आरोग्यातला बराचसा दिवस एक्सेलच्या तक्त्यात, निधी देणाऱ्यासाठी लिहायच्या अहवालात आणि बैठकांत जातो. करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे, पुढचं अनिश्चित. ज्याला रुग्णाचा हात धरायला आवडतं त्याने हे आधीच ऐकलेलं बरं.

कार्यक्रम उभा करायचा तर

सुरुवात लहान हवी. एका तुकडीत बारा ते पंधरा विद्यार्थी, आठ ते दहा मेंटर, मुदत सहा महिने. महिन्याला ४५ मिनिटांची एक भेट, म्हणजे सहा भेटींचे साडेचार तास. त्यात दोन मसुदे वाचायचे दोन-तीन तास धरा. मेंटरला पहिल्याच पत्रात हा आकडा सांगावा: सहा महिन्यांत एकूण सात-आठ तास. 'जमेल तसं मार्गदर्शन करा' अशा विनंतीला लोक उत्साहाने हो म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात गायब होतात. त्यांना टाळायचं नसतं. कामाचं टोकच दिसत नसतं, म्हणून ते ढकलत राहतात.

मेंटरकडून एका पानाचा फॉर्म घ्यावा. सध्याचं काम, तिथवर पोचायची वाट, कुठल्या प्रश्नांवर बोलता येईल आणि कुठल्यांवर नाही. विद्यार्थ्याच्या पानावर आजवर केलेलं काम, पुढच्या वर्षभरातल्या तारखा आणि तीन नेमके प्रश्न. जोडी लावायची ती या प्रश्नांवरून. क्षयरोगावर काम करू पाहणाऱ्याला क्षयरोगाचाच मेंटर मिळाला पाहिजे असं नाही. त्याचा प्रश्न 'संख्याशास्त्र शिकू की धोरण?' असा असेल, तर पोषणात काम करणारी संख्याशास्त्रज्ञ त्याला जास्त उपयोगी.

शक्य तिथे प्रत्येकाला दोन माणसं द्यावीत: एक बाहेरचं आणि एक इथलं. बाहेरचं म्हणजे जिनिव्हा, लंडन, नैरोबी, दिल्ली, कुठलंही. इथलं म्हणजे महापालिकेच्या वॉर्डातले आरोग्य अधिकारी (एमओएच), गोवंडी-मानखुर्दमध्ये क्षयरोगाचं काम बघणारे संस्थेतले कार्यकर्ते, परळच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेतले संशोधक. हेही बहुतेक वेळा याच कॉलेजांचे माजी विद्यार्थी असतात, फक्त त्यांना कुणी स्नेहसंमेलनात खुर्ची देत नाही. शिष्यवृत्तीच्या निबंधात 'मला आरोग्यातील विषमता दूर करायची आहे' हे वाक्य हजार जण लिहितात. एका वॉर्डात औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णांची तीन महिने यादी ठेवली, कुठल्या आठवड्यात औषध सुटतं हे पाहिलं आणि आरोग्य सेविकांच्या भेटीची वेळ बदलून फरक पडला का ते तपासलं, असं सांगू शकणारे थोडेच असतात. ती यादी ठेवायला बाहेरचा मेंटर शिकवू शकत नाही. ती जगाच्या भाषेत मांडायची कशी, ते तो शिकवतो. एमबीबीएसवाल्यांना आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजनाही यासाठी उत्तम; त्या प्रस्तावाचा मसुदा मेंटरने वाचला तर सहा महिन्यांच्या कार्यक्रमाला एक हातात धरता येईल असं फळ मिळतं.

वेळेचं गणित आधीच करावं. उन्हाळ्यात जिनिव्हा मुंबईच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हाच फरक साडेनऊ आणि साडेदहा तासांचा. तिकडे सकाळी आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा, दोघांनाही सोयीचे. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात तेव्हा भेट हमखास चुकते, म्हणून त्या महिन्यांत आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. विद्यापीठाच्या परीक्षेचा महिना सरळ सुट्टीचा धरावा.

पहिला मेसेज

'रिस्पेक्टेड सर, मला ग्लोबल हेल्थमध्ये खूप इंटरेस्ट आहे, प्लीज गाइड करा.' याला उत्तर येत नाही, कारण उत्तर द्यायला यात प्रश्नच नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागात डेंग्यूच्या नोंदींवर एक छोटा प्रकल्प केला. पदवीनंतर एमडी करावं की दोन वर्षं फील्डवर काम करून एमपीएचला जावं, हे ठरवते आहे. तुम्ही दुसरी वाट घेतलीत. ती निवडताना तुम्ही काय तपासलं होतं, यावर वीस मिनिटं बोलता येईल का? पुढच्या दोन आठवड्यांत संध्याकाळी सहानंतर कधीही.' ओळख, केलेलं काम, एक प्रश्न, वेळेची मर्यादा. बायोडेटा पहिल्या मेसेजला जोडू नये. तो जोडला की ही नोकरीची विनंती आहे असं वाटतं.

भेटीच्या दोन दिवस आधी चार-पाच ओळींत विषय कळवावा. भेटीनंतर दुसऱ्या दिवशी काय ठरलं ते आपणच लिहून पाठवावं. विद्यार्थ्यांकडून हे सर्वांत जास्त चुकतं, आणि मेंटरचा उत्साह टिकतो तो नेमका यावर.

बिघडतं कुठे

आपल्याकडे 'सर' म्हटलं की वाद संपतो. मेंटर म्हणाला बायोस्टॅट (जैवसंख्याशास्त्र) कर, की विद्यार्थी मान डोलावतो आणि मनात नसताना अर्ज करतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात समन्वयकाने दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि जोडी बदलायची असल्यास कारण न विचारता बदलून द्यावी. त्रासदायक वागणुकीची तक्रार कुणाकडे करायची, तेही पहिल्याच दिवशी लेखी सांगावं. ती व्यक्ती मेंटरच्या बॅचमधली नसावी.

शिफारसपत्राचं वेगळंच दुखणं आहे. तीन व्हिडिओ कॉल झाल्यावर विद्यार्थी मेंटरकडेच पत्र मागतो. ते कमकुवतच निघतं, कारण त्याने विद्यार्थ्याचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. पत्र मागायचं ते प्रकल्पाच्या मार्गदर्शकाकडे, आणि निदान महिना-सव्वा महिना आधी. एसओपी, म्हणजे 'मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' हे सांगणारा निबंध, मेंटरने वाचून प्रश्न विचारावेत. लिहून देऊ नये.

रुग्णांची माहिती तिसरी अडचण. 'मॅडम, ही केस बघा' म्हणत रिपोर्टचा फोटो परदेशी पाठवणं सर्रास चालतं. नाव झाकलं तरी नोंदणी क्रमांक दिसतो. हे करायचंच नाही. मेंटर परदेशी संस्थेतर्फे संशोधनात भागीदार होऊ पाहत असेल, तर आपल्या नैतिकता समितीची आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. माहिती मुंबईची आणि पहिलं नाव परक्याचं, असं होऊ नये म्हणून लेखकांचा क्रमही आधी ठरवावा.

फसवणूकही आहे. 'डब्ल्यूएचओ इंटर्नशिप, नोंदणी शुल्क फक्त इतके' अशा जाहिराती येत राहतात. जागतिक आरोग्य संघटना निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. उलट २०२० पासून ती इंटर्नना भत्ता देते.

'पण हा वशिलाच की!'

वशिला म्हणजे पात्रता बाजूला सारून ओळखीने आत घेणं. मेंटर पात्रतेची माहिती देतो, निवड दुसरंच कुणीतरी करतं. तरी आक्षेपात तथ्य आहे. ज्यांच्या घरात डॉक्टर आहेत, ज्यांचं इंग्रजी सफाईदार आहे, त्यांना असे मेंटर कार्यक्रमाशिवायही मिळतात. त्यामुळे कार्यक्रमाच्या जागा 'जो आधी येईल त्याला' अशा वाटल्या, तर दरी वाढेल. निदान अर्ध्या जागा पहिल्या पिढीतल्या आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात आणि भेटी मराठीत व्हाव्यात. विचार नीट सुचतो त्या भाषेत बोलून घ्यावं. निबंध इंग्रजीत उतरवणं ही नंतरची, शिकता येणारी गोष्ट आहे.

'शिकवून बाहेर पाठवायचं आणि आपल्याला काय?'

रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला काम उभं केलं. अभय आणि राणी बंग तिथेच शिकून गडचिरोलीत आले; घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि ती पद्धत पुढे देशभरात आशा सेविकांच्या कामात गेली. सगळे परत येतात असा दावा नाही. बरेच जण येत नाहीत. पण जो परत येत नाही त्याला सहा महिन्यांत सात-आठ तास मागता येतात. मागितलेच नाहीत, तर तेही मिळत नाहीत.

पैसा आणि कागद

कार्यक्रमाला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो एक समन्वयक. ते काम एकाच रेसिडेंट डॉक्टरवर टाकलं तर तो पास होऊन गेल्यावर सगळं थांबतं, म्हणून एक प्राध्यापक आणि दोन वेगवेगळ्या वर्षांतले विद्यार्थी असा गट हवा. कॉलेजला यात रस घ्यायला लावायचं असेल, तर कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे, हे प्राचार्यांना जरूर सांगावं. फोन नंबरांची यादी ज्याच्या त्याच्या संमतीनेच ठेवावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा तोच आहे.

कार्यक्रम रुळला की कुणीतरी उत्साहाने म्हणतं, 'मी प्रवासखर्चासाठी हजार डॉलर पाठवतो.' इथे थांबून पासपोर्ट विचारावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि ती घ्यायला माजी विद्यार्थी संघटनेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. पैसेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर देणगी नम्रपणे नाकारावी आणि त्या माणसाचं नाव पुढच्या तुकडीच्या मेंटरांच्या यादीत घालावं.